सुपारीच्या बेटावर चार दिवस: पेनांगचं जॉर्ज टाउन कसं फिरावं, काय खावं

माझं माहेर श्रीवर्धन. पोफळीच्या वाडीत वाढले, रोठा सुपारी सोलायला बसलेल्या बायकांच्या गप्पा ऐकत मोठी झाले. त्यामुळे मलेशियाच्या नकाशावरच्या 'पुलाऊ पिनांग' या नावाचा अर्थ 'सुपारीचं बेट' आहे हे कळलं, त्याच दिवशी तिकडे जायचं मनाशी पक्कं केलं. इंग्रजांच्या तोंडी त्याचं पेनांग झालं आणि आपणही तेच म्हणतो. बेटाच्या ईशान्य टोकावर जॉर्ज टाउन हे मुख्य शहर आहे. ११ ऑगस्ट १७८६ रोजी ईस्ट इंडिया कंपनीच्या फ्रान्सिस लाइटने या बेटाचा ताबा घेतला आणि राजा तिसऱ्या जॉर्जच्या नावाने शहर वसवलं. २००८ मध्ये युनेस्कोने शहराचा जुना भाग जागतिक वारशाच्या यादीत घेतला.

पहिल्या खेपेला मी यादी करून गेले होते: इतकी देवळं, इतकी भित्तिचित्रं, दहा पदार्थ. निम्मी यादी तशीच राहिली. सकाळी लागणाऱ्या गाडीवर मी संध्याकाळी पोहोचले, टेकडीवर रविवारी भर दुपारी गेले आणि रांगेतच दोन तास मोडले. दुसऱ्या खेपेला आधी शहराच्या वेळा समजून घेतल्या आणि त्याच चार दिवसांत पोटभर फिरणं झालं. इथे प्रत्येक पदार्थाची वेळ ठरलेली असते, प्रत्येक गल्लीची सावली ठरलेली असते. पुढे जे लिहिते आहे ते सगळं या वेळा धरून.

निघण्याआधी

कोरडे महिने जानेवारी-फेब्रुवारी. सप्टेंबर-ऑक्टोबरात सर्वांत जास्त पाऊस. उरलेल्या वर्षात दुपारी तीन-चारला ढग भरून येतात, तासभर कोसळतात आणि मोकळं होतं. आपल्या वळवासारखंच, फक्त महिनोन्‌महिने. उकाडा मे महिन्यातल्या कोकणासारखा धरून चाला. सुती कपडे, छत्री, पटकन काढता येतील अशा चपला घ्या, आणि खांदे-गुडघे झाकणारं काहीतरी पिशवीत असू द्या. देऊळ असो की मशीद, अडचण येत नाही.

भारतीय पासपोर्टवर १ डिसेंबर २०२३ पासून ३० दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही आणि ही सवलत २०२६ अखेरपर्यंत वाढवलेली आहे. मात्र पोहोचण्याआधीच्या तीन दिवसांत मलेशियाचं डिजिटल आगमन कार्ड ऑनलाइन भरावंच लागतं. ते फुकट आहे, त्याचे पैसे मागणाऱ्या संकेतस्थळांच्या नादी लागू नका. तिकीट काढण्याआधी नियम एकदा ताजे बघून घ्या.

घड्याळ अडीच तास पुढे करायचं. बेट त्यांच्या वेळेच्या पट्ट्यात फार पश्चिमेला आहे, म्हणून सूर्य सात वाजून गेल्यावर उगवतो. पहाटे उठायची सवय असलेल्याला याचा मोठा फायदा होतो: साडेसहाला बाहेर पडलात तर गल्ल्या रिकाम्या, हवा थंड आणि कॉफीची दुकानं उघडी.

पोहोचणं आणि राहणं

विमानाने थेट बेटावर उतरता येतं, पण वेळ असेल तर क्वालालंपूरहून रेल्वेने बेटासमोरच्या किनाऱ्यावरच्या बटरवर्थला या. साधारण चार तास लागतात. स्टेशनला लागूनच फेरीबोटीचा धक्का आहे. दोन रिंगिट देऊन पाऊण नव्हे, पाव तासात पलीकडे. बेटावर जायला दोन लांबलचक पूल आहेत, १९८५ चा आणि २०१४ चा, पण बंदराचं शहर पाण्यावरूनच गाठावं असं मला मनापासून वाटतं. बोटीच्या कठड्याशी उभं राहिलं की आधी मागची हिरवी टेकडी दिसते, मग कौलारू छपरांची रांग, आणि शेवटी पाण्यात खांबांवर उभी असलेली लाकडी घरं.

मुक्काम जुन्या भागातच करा. लव्ह लेन, लबुह मुंत्री, लबुह चुलिया या रस्त्यांवर जुन्या घरांतली छोटी हॉटेलं आहेत. लबुह म्हणजे मोठा रस्ता, जालान म्हणजेही रस्ता. समुद्रकिनाऱ्यावरचं बाटू फेरिंगी नावाने मोठं आहे, पण तिथे राहिलात तर रोज येण्या-जाण्यात तास-दीड तास जाईल आणि पहाटेचं शहर हुकेल.

शहरात पाय, लांब जायला बस. १०१ नंबर बाटू फेरिंगीवरून तेलुक बाहांगला जाते, २०४ टेकडीच्या पायथ्याशी. सुटे पैसे ठेवा, बसमध्ये मोड मिळत नाही. रात्री मोबाइलवरून गाडी मागवणं सोपं पडतं.

पहिली सकाळ: पाच फुटांच्या सावलीतून

जुन्या शहरात घर आणि दुकान एकाच छपराखाली असतं, आपल्याकडच्या जुन्या पेठांसारखं. खाली दुकान, वर बिऱ्हाड, मधे उजेडासाठी चौक. प्रत्येक दुकानासमोर पाच फूट रुंदीची ओटी सोडलेली असते, वरचा मजला तिच्यावर पुढे आलेला. या ओट्या एकमेकींना जोडत गल्लीभर चालतात. पाऊस असो वा ऊन, चालायचं त्यांच्यावरूनच. मधेच कुणाची सायकल, कुणाचं देवघर, कुणाचा वाळत टाकलेला टॉवेल येतो. तिथे रस्त्यावर उतरून पुढे जावं, वस्तू सरकवू नये.

सुरुवात जालान मस्जिद कपितान केलिंग या रस्त्यापासून करा. एका टोकाला १८१८ चं सेंट जॉर्ज चर्च. मग धुपाच्या धुरात हरवलेलं करुणादेवी क्वान यिनचं चिनी देऊळ, पुढे १८३३ चं महामरियम्मनचं देऊळ, आणि शेवटी तमिळ मुसलमान व्यापाऱ्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी उभी केलेली कपितान केलिंग मशीद. हे सगळं दहा-पंधरा मिनिटांच्या चालीत येतं.

चर्चसमोर मी जरा जास्त वेळ थांबते. सेल्युलर जेल बांधली जाण्याच्या शंभर वर्षं आधी हिंदुस्थानातल्या बंदिवानांचं काळं पाणी म्हणजे हे बेट होतं. १७९६ मध्ये अंदमानातली कंपनीची पहिली वसाहत मोडली, तेव्हा तिथले बंदिवानही इथेच आणले गेले. मुंबई इलाख्यातूनही माणसं पाठवली जात. शहराचे पहिले रस्ते आणि हे चर्च अशाच हातांनी उभं राहिलं. त्या माणसांची नावं भिंतीवर नाहीत. कोकणातून आलेला कुणी त्यांत असेल का, हा विचार मला दर वेळी तिथे धरून ठेवतो.

तिथून लबुह आर्मेनियनकडे वळा. २०१२ मध्ये रंगवलेली भित्तिचित्रं इथे आहेत. सायकलवरच्या दोन मुलांच्या चित्रापुढे नऊनंतर झुंबड उडते, म्हणून ते आठच्या आत बघा. त्याच गल्लीतल्या १२० नंबरच्या घरातून १९१० मध्ये सुन यत्-सेन यांनी चिनी क्रांतीची आखणी केली होती. जवळच खू कोंगसी आहे: खू आडनावाच्या कुळाचं कुलदैवत, सभागृह आणि कारभार एका आवारात. आजची वास्तू १९०६ ची. छपराच्या कडेला रंगीत चिनी मातीच्या तुकड्यांनी जडवलेली माणसं, पक्षी, ड्रॅगन आहेत. तिथे मान दुखेपर्यंत वर बघा.

समुद्राकाठी त्या खांबांवरच्या लाकडी वस्त्या. च्यू जेटी सर्वांत मोठी, सगळी घरं च्यू आडनावाची. फळकुटांच्या वाटेवरून थेट पाण्यापर्यंत जाता येतं. लोक तिथे राहतात, जेवतात, देवपूजा करतात. दारातून आत कॅमेरा रोखू नका. या शहराने आधीच पुष्कळ सोसलं आहे: २००० साली जुना भाडेनियंत्रण कायदा गेला, भाडी वाढली आणि पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली शेकडो कुटुंबं जुन्या भागातून उठली. जी उरली आहेत त्यांच्यामुळेच इथे अजून शहर आहे, नाहीतर नुसती दुकानं उरली असती.

अकरानंतर चालणं थांबवा. ऊन डोक्यावर येतं. ही वेळ बसून खायची.

बशीभर खाणं, आणि त्याच्या वेळा

आधी बसायची रीत. मोठ्या छपराखाली किंवा कॉफीच्या दुकानात अनेक गाड्या असतात, प्रत्येकाचा एकच पदार्थ. रिकामं टेबल धरायचं, त्याचा नंबर लक्षात ठेवायचा, गाडीवर जाऊन पदार्थ आणि नंबर सांगायचा आणि परत येऊन बसायचं. बशी टेबलावर येते, पैसे तेव्हाच द्यायचे. पेय मात्र दुकानाचा माणूस विचारायला येतो. एक तरी पेय घ्यावंच, कारण जागा त्याची असते. 'कोपी' म्हटलं की आटवलेल्या गोड दुधाची कॉफी मिळते, 'कोपी ओ' म्हटलं की साखरेची कोरी, आणि 'कोपी ओ कोसोंग' म्हटलं की बिनसाखरेची कोरी.

सकाळचं खाणं: नारळाचं दूध आणि अंड्याचा काया नावाचा मुरांबा लावलेला पाव, किंवा तमिळ गाडीवरचं पुतू मायम, म्हणजे शेवयांसारखी इडिअप्पम, वर खोबरं आणि गूळ. दहा-साडेदहाला होक्कियन मी: कोळंबीची डोकी आणि सालं तासन्‌तास उकळून काढलेला लालसर रस्सा, त्यात नूडल्स. दुपारी दोनपर्यंत बहुतेक ठिकाणी संपतं.

आसाम लक्सा, म्हणजे माशाच्या आंबट रश्श्यातल्या नूडल्स, दुपारची. ही बशी कोकणी माणसासमोर ठेवली तर दुसऱ्या घासाला तो गप्प होईल. मासा कोणता, तर इकान कम्बुंग. म्हणजे आपला बांगडा! तो उकडून, काटे काढून, कुस्करून रश्श्यात सोडलेला. आंबटपणा चिंचेचा आणि आसाम केपिंग नावाच्या सुकवलेल्या फोडींचा, आणि ते झाड कोकमाच्या कुळातलं. वर अननस, काकडी, पुदिना, आल्याच्या जातीच्या फुलाची गुलाबी चिरलेली पाकळी, आणि शेवटी चमच्यात वेगळी दिलेली काळी, दाट कोळंबीची चटणी. ती चटणी एकदम ओतू नका. आधी रस्सा नुसता प्या, मग थेंबाथेंबाने कालवा. बांगड्याच्या तिखल्याची ही लांबची बहीण आहे हे जिभेला आपोआप कळतं.

संध्याकाळी 'चार कोय त्याव', म्हणजे कढईत परतलेल्या तांदळाच्या रुंद नूडल्स. कोळशावर चालणारी गाडी शोधा आणि कडेला उभं राहून बघा. कढई लाल तापलेली, पांढऱ्या तांदळाच्या पट्ट्या आत पडतात, सोयाचं काळं पाणी शिंपडताच वाफेचा लोट उठतो. मग पट्ट्या बाजूला सारून मधे अंडं, वर कोळंबी, मोड आलेले मूग, पातीचे तुकडे. उलथनं कढईवर घासल्याचा आवाज थांबला की बशी तयार. चांगला कारागीर एका वेळी एकच बशी करतो, दोन एकत्र केल्या तर आच कमी पडते आणि पट्ट्या करपण्याऐवजी वाफवतात. त्यामुळे रांग हळू सरकते. थांबा. त्यात घातलेले शिंपले अर्धवट शिजलेले असतात, पोट नाजूक असेल तर ते नको म्हणून सांगा. बहुतेक चिनी गाड्यांवर डुकराची चरबी वापरतात, हेही लक्षात असू द्या.

नासी कंदार कधीही. नासी म्हणजे भात, कंदार म्हणजे कावड. तमिळ मुसलमान विक्रेते कावडीच्या एका बाजूला भात, दुसऱ्या बाजूला कालवणं घेऊन बंदरातल्या हमालांपर्यंत जात. आता दुकानं आहेत, पण पद्धत तीच: भातावर तुम्ही दाखवाल ते, आणि वरून तीन-चार रस्से एकत्र. 'बांजिर' म्हणालात तर रश्श्याचा पूर येतो. शब्दही तोच आहे, बांजिर म्हणजे पूर.

दुपारच्या उकाड्यावर चेंडोल. तांदळाच्या पिठाचे हिरवे मऊ धागे, राजमा, बर्फाचा चुरा, नारळाचं दूध, आणि त्यावर माडाच्या गुळाचा काळसर पाक. न्योन्या घराण्यांची, म्हणजे चिनी-मलय मिश्र घरांची मिठाईही सकाळीच घ्या. ओंदे-ओंदे नावाचे हिरवे गोळे चावताच आतला गूळ तोंडात फुटतो, वर खोबऱ्याचा कीस. उकडीच्या मोदकाची आठवण काढून मी तिथे उभ्या उभ्या सहा खाल्ले.

शाकाहारी असाल तर

अडणार नाही, पण विचारून खावं लागेल. 'बेलाचान' म्हणजे कोळंबीचं आंबवलेलं वाटण. ते पालेभाजीतही घालतात, तेवढं जपा. लिटल इंडियात केळीच्या पानावरचं तमिळ जेवण, डोसे, इडल्या सगळं आहे. चिनी बौद्ध शाकाहारी दुकानांवर 素 हे अक्षर किंवा स्वस्तिकाचं चिन्ह असतं. तिथे कांदा-लसूणही नसतो. चिनी पंचांगातल्या नवव्या महिन्यात, बहुधा ऑक्टोबरात, नऊ सम्राट देवांचा उत्सव असतो. ते नऊ दिवस गावभर पिवळे झेंडे लावलेल्या शाकाहारी गाड्या उभ्या राहतात. शाकाहाऱ्याने पावसाची पर्वा न करता तेव्हाच जावं.

शब्द एवढे पुरतील: 'ताक माउ' नको, 'सायुर' भाजी, 'तेलुर' अंडं, 'आयाम' कोंबडी, 'इकान' मासा, 'उदांग' कोळंबी, 'कम्बिंग' मटण. 'दागिंग' म्हणजे मांस, पण नासी कंदारच्या दुकानात नुसतं दागिंग म्हटलं की बहुधा गोमांस. बाकी मलय भाषा आपल्याला परकी वाटत नाही: 'बहासा' भाषा, 'रोती' पोळी, 'सुआमी' नवरा, 'साबुन' साबण, 'नानास' अननस. अग्निशमन दलाच्या लाल गाडीवर 'बोंबा' लिहिलेलं असतं. आपला आगीचा बंब आणि हा बोंबा, दोन्ही पोर्तुगीजांनी दिलेले.

दुसरा दिवस: टेकडी

पेनांग हिल ८३३ मीटर उंच. १९२३ मध्ये बांधलेली दोरीने ओढली जाणारी रेल्वे वर नेते. आताचे डबे नवे आहेत, काही मिनिटांत वर पोहोचवतात. मधल्या वारी, सकाळच्या पहिल्या गाड्यांपैकी एखादी पकडा. शनिवार-रविवार आणि शाळांच्या सुट्ट्या टाळाच. वर हवा चार-पाच अंशांनी थंड. २०२१ मध्ये हा डोंगर आणि आजूबाजूचं जंगल युनेस्कोच्या जीवावरण राखीव क्षेत्रात आलं.

गाडीतून उतरल्यावर गर्दी डावी-उजवी खाण्याच्या दुकानांत शिरते. तुम्ही रस्त्याने पुढे चालत राहा आणि वीसेक मिनिटांनी एखाद्या कठड्यावर गप्प बसा. पानं हलतील आणि काळसर राखाडी वानर दिसतील, डोळ्यांभोवती पांढरी वर्तुळं, जणू चश्मा घातलेला. पिल्लू असेल तर ते भगव्या रंगाचं असतं, आईच्या राखाडी पोटाला ज्योतीसारखं चिकटलेलं. काही महिन्यांत तो रंग जातो. खायला काही देऊ नका.

उतरून एअर इतामला केक लोक सी हे बौद्ध देवस्थान. १९३० मध्ये पूर्ण झालेल्या पॅगोड्याचा तळ चिनी, मधला भाग थाई, कळस ब्रह्मी. त्याहून वर ३० मीटर उंच कांस्याची क्वान यिन. बुद्धावर श्रद्धा असलेल्यांनी शहरातल्या पुलाऊ तिकुस भागातही जावं: एका गल्लीत समोरासमोर ब्रह्मी विहार आणि थाई विहार, थाई विहारात ३३ मीटर लांबीची निद्रिस्त बुद्धमूर्ती.

तिसरा दिवस: जंगल आणि कासवं

१०१ बसच्या शेवटच्या थांब्यावर, तेलुक बाहांगला, पेनांग राष्ट्रीय उद्यानाचं दार आहे. २००३ मध्ये घोषित झालेलं, जेमतेम १,२०० हेक्टरांचं. नऊच्या आत पोहोचा, नोंद करा, माणशी दीड लिटर पाणी घ्या. पांताई केराचुतची पायवाट साधारण दीड तासाची, चढ-उतार आणि मुळांच्या पायऱ्यांची. पाऊस झाला असेल तर चपलांनी जाऊ नका, मी घसरून गुडघा फोडून घेतला आहे.

किनाऱ्याच्या अलीकडे एक विलक्षण तळं लागतं. समुद्राचं खारं पाणी तळाशी, डोंगरातलं गोडं पाणी वर, आणि दोन्ही मिसळत नाहीत. कोरड्या दिवसांत मात्र नुसता चिखल दिसण्याची तयारी ठेवा. किनाऱ्यावर कासव संवर्धन केंद्र आहे, हिरवी समुद्री कासवं इथे अंडी घालतात. वेळासला कासव महोत्सवाला गेलेल्यांना हे काम ओळखीचं वाटेल. आपल्याकडे तिथे ऑलिव्ह रिडले जातीची कासवं येतात. समुद्रात उतरू नका, पोहण्यासाठी हा किनारा नाही. परतीला होडी मिळते, भाव आधी ठरवा आणि दुपारी चारच्या आत निघा. पश्चिमेकडे आभाळ काळं झालं तर होडीवाले थांबत नाहीत.

चौथा दिवस: बेटाची पाठ

बालिक पुलाऊ, शब्दशः 'बेटाची मागची बाजू'. भातखाचरं, फळबागा, जायफळाची झाडं. मे ते ऑगस्टमध्ये गेलात तर हा दिवस डुरियनचा. आपल्या फणसासारखं दिसणारं, पण वेगळ्याच कुळातलं फळ. इथे ते झाडावरून तोडत नाहीत, पिकून आपोआप पडू देतात, म्हणून झाडांखाली जाळ्या बांधलेल्या असतात. बागेत बसून, लगेच फोडलेलं खा. आधी सौम्य जात मागा, मग कडसर. हॉटेलात न्यायला बंदी असते, विमानातही. सोबत मंगुस्तान घ्या. तोही कोकमाचा सख्खा भाऊ, जांभळ्या सालीआड बर्फासारखा पांढरा गर.

जानेवारी-फेब्रुवारीत गेलात तर डुरियन नाही, पण सण आहेत. थायपुसम या तमिळ सणाला मुरुगनाचा, म्हणजे कार्तिकेयाचा, रथ निघतो आणि वाटेवर इतके नारळ फुटतात की रस्ता पाण्याने वाहतो. फोडणाऱ्यांत चिनी कुटुंबंही असतात. चिनी नववर्षाच्या आठव्या रात्री च्यू जेटीवर टेबलांना आख्खे ऊस बांधतात, कारण कधीकाळी होक्कियन लोक, म्हणजे इथल्या बहुतेक चिनी लोकांचे पूर्वज, शत्रूपासून उसाच्या फडात लपून वाचले अशी त्यांची कथा आहे.

घरी आणायला जायफळ घ्या. कंपनीने मोलुक्का बेटांवरून रोपं आणून इथे बागा लावल्या. आपण बी आणि जायपत्री तेवढी ओळखतो, ते लोक वरची जाड सालही साखरेत मुरवून खातात, तिचं सरबत करतात. मी ओली आणि सुकी, दोन्ही पुडकी आणली. आईने एक फोड तोंडात टाकली, बराच वेळ चघळली, आणि म्हणाली, ''आमच्या वाडीत ही सालं झाडाखालीच टाकून द्यायचे गं.'' मग पुडकं उघडंच ठेवून दुसरी फोड घेतली.